कुलूप उघडता येणं म्हणजे चोरी नव्हे!

परवा बचत गटाची बैठक संपल्यावर एक जण मागे थांबली. हप्त्याचं काही असेल असं मला वाटलं. पण इकडेतिकडे बघून ती हळूच म्हणाली, "ताई, आमचा पोरगा हॅकर व्हायला निघालाय की काय, मला भीती वाटते हो."

मुलगा बारावी होऊन घरीच आहे. दिवसभर मोबाईल हातात. त्याला कुणी मित्राने सांगितलं होतं, "तुझं बँकेचं खातं आणि एटीएम कार्ड पंधरा दिवस मला दे, पाच हजार मिळतील. कॉम्प्युटरवरचं काम आहे, तुला काहीच करायचं नाही." त्या माउलीला यातलं काही उमगलं नव्हतं, पण खटकलं मात्र होतं. आईला खटकतं ते उगाच नाही!

'हॅकर' हा शब्द आपण पेपरात वाचतो, टीव्हीवर ऐकतो. कुणाचे पैसे गेले की 'खातं हॅक झालं' म्हणून मोकळे होतो. हॅकर म्हणजे चोर, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की घरातला मुलगा कॉम्प्युटरमध्ये जरा जास्त डोकं घालायला लागला तरी आपल्या पोटात गोळा येतो.

खरं तर हा शब्द जन्मला तेव्हा तो कौतुकाचा होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत काही विद्यार्थ्यांचा खेळण्यातल्या आगगाड्यांचा क्लब होता. रूळ, सिग्नल, वायरी यांच्याशी खटपट करता करता एखाद्याने अफलातून युक्ती शोधली, तर तिला ते 'हॅक' म्हणत. हीच मुलं पुढे तिथल्या अवाढव्य कॉम्प्युटरकडे वळली. स्टीव्हन लेव्ही या पत्रकाराने १९८४ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यात या मंडळींचे अलिखित नियम सांगितले आहेत. माहिती सगळ्यांना खुली असावी, आणि माणसाची किंमत त्याची डिग्री, वय, वंश किंवा हुद्दा बघून नव्हे, तर त्याचं काम बघून करावी. जात आणि मार्कशीट बघून माणूस जोखणाऱ्या आपल्या समाजाने यातून थोडं घ्यायला हरकत नाही.

पण अंगात कला असली की तिच्याबरोबर मोहही येतोच. किल्ली हरवली की आपण कुलूपवाल्याला बोलावतो. तो दोन मिनिटांत कुलूप उघडतो, आपण त्याला पैसे देतो, वर चहाही पाजतो. त्याच माणसाने रात्री न विचारता तेच कुलूप उघडलं तर? हात तोच, तारही तीच. फरक परवानगीचा आणि हेतूचा. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हेच म्हणतो. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलात तर नुकसानभरपाई द्यावी लागते. आणि तेच अप्रामाणिक हेतूने केलं असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ही कला वाईट हातात गेली की काय होतं, ते आपण २०१८ मध्ये पुण्यात पाहिलं. ११ ऑगस्ट, शनिवार. कॉसमॉस या जुन्या सहकारी बँकेवर हल्ला झाला. आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की ते मशीन बँकेला विचारतं, 'देऊ का पैसे?' हा प्रश्न नि त्याचं उत्तर ज्या यंत्रणेतून जातं तिला स्विच म्हणतात. चोरांनी मध्येच आपला खोटा स्विच बसवला. मग प्रश्न बँकेपर्यंत पोहोचेचना, आणि हा खोटा स्विच प्रत्येकाला 'दे' म्हणत सुटला! बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत ७८ कोटी रुपये निघाले. भारतात सुमारे अडीच कोटी निघाले, त्यात कोल्हापूरचीही एटीएम होती. सोमवारी आणखी जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटींच्या वर रक्कम. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या चोरीचा धागा उत्तर कोरियाशी जोडला.

आता बघा, तुरुंगात कोण गेलं? एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. या प्रकरणात पकडले गेले ते नांदेड, भिवंडी, विरार अशा ठिकाणचे लोक. बँकेची यंत्रणा फोडण्याची विद्या त्यांच्याकडे कुठली! त्यांनी बनावट कार्डं घेऊन एटीएमसमोर उभं राहायचं आणि नोटा काढायच्या, एवढंच. डोकं चालवणारे साता समुद्रापार सुरक्षित राहिले, आणि एटीएमच्या कॅमेऱ्यात चेहरे आले ते आपल्याकडच्या पोरांचे.

माझ्या मैत्रिणीच्या मुलाला जे 'काम' सांगितलं होतं, ते याच जातीचं. कुणाला तरी फसवून लुटलेला पैसा आधी अशा भाड्याच्या खात्यात येतो आणि तिथून पुढे पळवला जातो. पोलीस माग काढत येतात ते ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारात. पाच हजार कधीच खर्च झालेले असतात आणि आईच्या कपाळी कोर्टाच्या खेपा येतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपण मुलांच्या हातातून कॉम्प्युटरच काढून घेऊ. मोठमोठ्या कंपन्या आता जाहीरच सांगतात, आमच्या यंत्रणेत भोक शोधा, ते गुपचूप आम्हालाच कळवा आणि बक्षीस घ्या. २०२१ मध्ये दिल्लीच्या अदिती सिंग या अवघ्या वीस वर्षांच्या मुलीने मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेतली अशी चूक दाखवून ३० हजार डॉलर मिळवले. चोर ज्या फटीतून आत शिरला असता तीच फट तिने दाखवली. फट शोधायला अक्कल लागते, आणि सापडल्यावर गप्प राहून मालकाला कळवायला संस्कार लागतात. अक्कल कॉलेजात, क्लासमध्ये मिळेल. पण दुसऱ्याच्या घरात न विचारता जायचं नाही, दिसलेली चूक ज्याची त्याला सांगायची, हे शिकवायचं काम आपलं, घरातल्यांचं आहे.

आणखी एक. ओटीपी सांगितला आणि पैसे गेले, यात बहुतेक वेळा यंत्रणा कुणी फोडलेली नसते. गोड बोलून किंवा घाबरवून आपल्याकडूनच किल्ली काढून घेतलेली असते. घरचे बोलतील म्हणून बायका हे लपवतात आणि तेवढ्यात पैसा हातचा जातो. लपवू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितकी पैसे थांबवण्याची आशा कमी.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला भेटायला गेले. नशिबाने कार्ड अजून दिलं नव्हतं. मी कॉसमॉसची सगळी गोष्ट सांगितली. तो चिडून म्हणाला, "काकू, मी काय हॅकिंग करत नव्हतो!" मी म्हटलं, "नव्हतासच बाळा. हॅकिंगला डोकं लागतं. तुझं तर त्यांना फक्त नाव हवं होतं." यावर तो बराच वेळ गप्प होता.

आता पासबुक आणि कार्ड आईच्या कपाटात आहे. कॉम्प्युटरच्या एखाद्या चांगल्या कोर्सची चौकशी करू, असं आमचं ठरलंय. तो मनापासून जाईल की नाही, आज सांगता येत नाही. पण मैत्रिणींनो, तुमच्या घरात बँकेचं खातं असलेलं तरुण पोर असेल, तर आज जेवताना एवढं विचाराच, "तुझं कार्ड कुठंय रे?"