ब्रेक कुठे मारला, वेळ कुठे गेला?

दिवसभर ऑफिसात एक्सेल शीटच्या नावानं बोटं मोडायची आणि रात्री जेवण उरकल्यावर आपणहून आलेख उघडून बसायचं, अशी एक जमात सध्या शहरात वाढतेय. स्क्रीनवर लाल-निळ्या रेघा, हातात पेन, समोर गार झालेला चहा. रूममेट विचारतो, 'अरे, तू गेम खेळतोयस की अप्रेझलची तयारी करतोयस?' त्याला काय सांगणार! रेसिंग गेम खेळणाऱ्याला टेलिमेट्रीचा नाद लागला की खेळ आणि काम यातली सीमारेषा पुसट होते, बॉस.

टेलिमेट्री म्हणजे लांबून घेतलेलं मोजमाप. फॉर्म्युला वनच्या गाडीत तीनशेच्या आसपास सेन्सर असतात. वेग, ब्रेकवरचा दाब, ॲक्सिलरेटर किती दाबला, स्टिअरिंग किती वळवलं, टायर किती तापले, हे सगळं गाडी धावत असतानाच पिटमधल्या इंजिनिअरपर्यंत पोचतं. खऱ्या गाडीत हे करायला पैसा ओतावा लागतो. गेमची गंमत अशी की तिथे सेन्सर लागतच नाहीत. गाडीचा वेग, चाकाची पकड, सगळं गेमच क्षणाक्षणाला हिशेब करून ठरवत असतो. तो हिशेब फक्त फाइलमध्ये उतरवायचा. म्हणजे खऱ्या रेसरला जे लाखांत पडतं, ते आपल्याला घरबसल्या मिळतं.

२०१९ मध्ये आलेला 'असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने' हा कुनोस या इटालियन कंपनीचा गेम घ्या. गॅरेजमध्ये गाडीच्या सेटअपला जायचं, इलेक्ट्रॉनिक्सच्या पानावर टेलिमेट्रीसाठी किती लॅप साठवायचे तो आकडा टाकायचा, बस्स. फाइल तयार होते ती मोटेक या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या फॉर्मॅटमध्ये. या मोटेकचं 'आय-टू' हे सॉफ्टवेअर खऱ्या रेसिंग टीम्स वापरतात आणि ते फुकट डाऊनलोड होतं. पहिल्यांदा उघडलं की विमानाचं कॉकपिट वाटतं. घाबरू नका. सुरुवातीला चारच रेघा बघायच्या : वेग, ब्रेक, ॲक्सिलरेटर, स्टिअरिंग. आणि पाचवी, सगळ्यात महत्त्वाची, दोन लॅपमधल्या वेळेच्या फरकाची. ही रेघ वर चढत गेली की समजायचं, तुम्ही मागे पडताय.

एक पथ्य मात्र पाळायचं. दोन लॅप एकमेकांवर ठेवताना आडवा अक्ष सेकंदांचा नको, मीटरचा हवा. म्हणजे ट्रॅकवरच्या त्याच ठिकाणी कोणी काय केलं ते एकाखाली एक दिसतं. गाडी तीच, पेट्रोल जवळपास तेवढंच, हवामान तेच. नाहीतर पुण्याची थंडी आणि जळगावचा उन्हाळा एकाच तराजूत टाकल्यासारखं होतं.

आता खरी गोष्ट. माझा एक मित्र नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याला असतो. नोकरी बँकेत, जीव गाड्यांत. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत फॉर्म्युला वन भारतात आली, ते ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट त्याच्या घरापासून हजारेक किलोमीटरवर. चेन्नई आणि कोइमतूरचे ट्रॅक त्याहूनही लांब. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात म्हणाल तर कोल्हापूरजवळचा मोहितेंचा ट्रॅक, पण तो राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. वळणं हवीत तर तोरणमाळचा घाट घराजवळ आहे. पण तिथे लॅप टाइम काढायचा नसतो, समोरून एसटी येते. त्यामुळे त्याचा ट्रॅक म्हणजे बेडरूममधलं टेबल, त्याला शिकंज्यानं आवळलेलं स्टिअरिंग आणि खाली पेडल्स.

गडी मोंझावर एक मिनिट ५१.६ सेकंदांत अडकला होता. आमच्या ग्रुपमधला हिंजवडीचा एकजण त्याच गाडीनं ४९.४ मारायचा. सव्वादोन सेकंद म्हणजे या खेळात अख्खा तालुका. मित्राचं निदान तयार होतं : स्टिअरिंग जुनं झालंय, आता डायरेक्ट ड्राइव्हवालं घ्यायचं. किंमत बघितली तर महिन्याच्या पगाराला पुरून उरणारी. घरात पहिलं मूल यायचं होतं, त्यामुळे विषय फक्त हौसेचा राहिला नव्हता. घरी काय सांगायचं याची तालीमही त्यानं माझ्यावर दोनदा करून घेतली.

म्हटलं, आधी दोघांच्या फाइल्स मागव. व्हिडिओ पाठवायचा तर जीबी जीबी, ही फाइल काही एमबीची. फोनवर बोलत बोलत दोघांनी एकच आलेख उघडला.

मोंझाची मुख्य सरळ पट्टी संपते तिथे पहिलं शिकेन आहे. अडीचशेच्या वर असलेली गाडी तिथे साधारण सत्तर-ऐंशीवर आणावी लागते. त्याचं म्हणणं, 'भाऊ, इथे तर मी त्याच्यापेक्षा उशिरा ब्रेक मारतो, इथे मी फास्ट आहे.' आलेख बघितला तर खरंच! दहा-बारा मीटर उशिरा. फरकाची रेघ तिथे किंचित त्याच्या बाजूनं झुकलेलीही होती. पण पुढे? ब्रेक उशिरा, म्हणून वळणात शिरताना वेग जास्त, म्हणून गाडी बाहेर फेकली जाणार, म्हणून ॲक्सिलरेटर तीसेक मीटर उशिरा. शिकेनमधून बाहेर पडताना हिंजवडीवाल्यापेक्षा आठ किलोमीटरनं कमी वेग. त्यानंतर येतो कुर्वा ग्रांदे नावाचा लांबलचक उजवा वळसा, पाय पूर्ण दाबून घ्यायचा. आणि फरकाची रेघ इथे चढत जाते, चढत जाते, थेट दुसऱ्या शिकेनपर्यंत. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ गेला तो या पट्ट्यात, जिथे मित्र काहीच चुकीचं करत नव्हता. ॲक्सिलरेटर शंभर टक्के, स्टिअरिंग स्थिर. साहजिकच त्याला वाटायचं, आपली गाडीच पळत नाही.

टेलिमेट्रीचा खरा उपयोग मला इथे दिसला. चूक एका जागी होते आणि तिचं बिल वाजतं भलत्याच जागी. गाडी चालवणाऱ्याला बिल दिसतं. उशिरा मारलेल्या ब्रेकचा थरार तर इतका खरा वाटतो की तो आपल्याला हळू करतोय हे कोणी तोंडी सांगितलं तर पटणारच नाही. रेघेशी मात्र वाद घालता येत नाही.

पण तेवढ्यानं भागलं नाही. ब्रेकची रेघ नीट बघितली तर हिंजवडीवाल्याची सुळकन शंभरावर जाऊन मग उतरणीसारखी सावकाश खाली यायची. जीटी-थ्री गाड्यांना एबीएस असतं, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण दाबून मग वळणात शिरता शिरता पाय हलका करत न्यायचा, ही तिथली पद्धत. मित्राची रेघ प्रत्येक वेळी ऐंशीच्या आसपास जाऊन थांबायची आणि तिथे थरथरायची. दर लॅपला, दर वळणाला ऐंशी. पायात जोर नाही म्हणावं तर पठ्ठ्या रोज सकाळी पाच किलोमीटर पळतो. मग लक्षात आलं, तो बसतो ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीवर, खाली गुळगुळीत फरशी. ब्रेक दाबला की खुर्ची मागे! पेडल दाबतोय असं त्याला वाटायचं, प्रत्यक्षात तो स्वतःलाच भिंतीकडे ढकलत होता.

उपाय : खुर्चीची चाकं जुन्या बुटांत बसवली. खर्च शून्य. पुढचे दोन आठवडे फक्त पहिलं शिकेन, ब्रेक दहा मीटर आधी आणि पूर्ण. वेळ आला एक मिनिट ५०.३. स्टिअरिंगची खरेदी बारगळली. त्याच्या तालुक्यातच, तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथली रीत सांगून तो म्हणाला, झूल बघून घोडा घेत नाहीत, आधी चाल बघतात. म्हटलं, अगदी!

तरी सांगते, हे औषध जपून घ्यायचं. मला असेही महाभाग माहीत आहेत जे तासभर खेळतात आणि तीन तास आलेख बघतात. एक लॅप बिघडला की लगेच स्प्रिंग बदल, पंख्याचा कोन बदल. खरं तर बदलायला हवा असतो पाय. शिवाय तुलना कोणाशी करायची तेही बघा. नेटवर सत्तेचाळीस सेकंदांवाल्यांच्या फाइल्स मिळतात. त्या उघडल्या की फक्त न्यूनगंड येतो, कारण तो माणूस काय करतो ते दिसलं तरी आपल्या पायांना जमत नाही. आपल्याहून एक-दोन सेकंदांनी पुढे असलेला मित्र किंवा आपलाच सगळ्यात चांगला लॅप, एवढं पुरतं. आणि एका रात्रीत एकच वळण.

सध्या आमच्या चर्चेत दुसरा लेस्मो आहे. मित्राच्या ॲक्सिलरेटरच्या रेघेत वळणातून बाहेर पडताना दरवेळी एक खाच दिसते : पाय दाबला, क्षणभर उचलला, परत दाबला. हिंजवडीवाल्याच्या रेघेत ती नाही. इथे खुर्चीचा दोष नाही, स्टिअरिंगही जागेवर आहे. तो म्हणतो, बाहेरच्या बाजूची खडी दिसली की पाय आपोआप उचलला जातो. गेममधली खडी! फाइल रविवारी येतेय.