राखीव खेळाडूचे मोल

गोल करणाऱ्यांची नावे जगाच्या ओठांवर असतात. गोल होऊ न देणाऱ्यांची क्वचितच. त्यातही ज्याला स्वतःची निश्चित जागाच नाही, असा बचावपटू उपेक्षेचाच धनी. स्पेनच्या नाचो फर्नांडेझची कारकीर्द मात्र या समजुतीला छेद देते.

२००१ मध्ये रेआल माद्रिदच्या बालसंघात आलेल्या या मुलास बाराव्या वर्षी मधुमेह जडला. फुटबॉल आता विसरावा, असे त्यास सांगण्यात आले. दुसऱ्या तज्ज्ञाने धीर दिला आणि तो खेळत राहिला. २०११ मध्ये मुख्य संघात पदार्पण केल्यावर कधी उजवी बगल, कधी डावी, तर कधी मध्यभाग, जेथे खिंडार पडेल तेथे तो उभा राहिला. २०१८ च्या विश्वचषकात जखमी कार्वाहालच्या जागी तो पोर्तुगालविरुद्ध उतरला. चौथ्याच मिनिटाला त्याच्या चुकीने पेनल्टी गेली. पण उत्तरार्धात त्यानेच अप्रतिम गोल करून त्या चुकीची भरपाई केली.

तेरा वर्षांच्या या सेवेत त्याने सहा वेळा युरोपीय विजेतेपद अनुभवले आणि २०२४ मध्ये वेम्बलीवर कर्णधार म्हणून तो चषक उंचावला.

अशा खेळाडूस 'कामचलाऊ' म्हणणे हा अन्याय होय. कोणतीही संस्था तिच्या ताऱ्यांमुळे झळकते हे खरे. परंतु ती टिकते ती पडेल ते काम निष्ठेने उचलणाऱ्यांच्या बळावर.