पोरं आमची, मग हिशोब कुणी मागायचा?

पहाटे पाचला देवळ्याच्या बाहेर रस्त्यावर येऊन बघा. भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. कांद्याने दगा दिला की आपल्या कसमादेत घरटी एखादा पोरगा वर्दीकडे बघतो. म्हणून सैन्याची तयारी हा मला दिल्लीवाल्यांचा विषय वाटत नाही, तो आपल्या घरचा आहे.

आता हे वाचा. १३ मार्च २०१८ ला संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला. अध्यक्ष होते निवृत्त मेजर जनरल खंडुरी, सत्ताधारी भाजपचेच खासदार. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीला स्पष्ट सांगितलं होतं: ६८ टक्के साधनं जुनाट, अत्याधुनिक फक्त ८ टक्के. आधीच ठरलेल्या १२५ योजनांचे हप्ते भरायलासुद्धा मिळालेले पैसे पुरत नाहीत.

मग सभागृह हादरलं असेल ना? छे! दुसऱ्याच दिवशी, १४ मार्चला, लोकसभेने सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना काही मिनिटांत मंजूर केल्या. विरोधक गोंधळात, सरकार घाईत. दोघांनाही सोयीचं! त्याच वर्षी खंडुरींच्या जागी दुसरे अध्यक्ष आले.

२०२२ ची अग्निपथ योजना घ्या. चार वर्षांची नोकरी, २५ टक्क्यांपर्यंतच पोरं कायम. ती चांगली की वाईट यावर भांडू नंतर. पण घोषणा झाली १४ जूनला, संसदेचं अधिवेशन नसताना. ज्यांच्या आयुष्याचा निर्णय, त्यांच्या खासदाराने आधी एक प्रश्नही विचारायचा नाही?

कुणीतरी म्हणेलच, "भाऊ, देशाच्या सुरक्षेचा मामला आहे, गुप्तता लागते." लागतेच. तोफा कुठे ठेवल्या हे कुणी विचारत नाहीये. पण २०१७ मध्ये कॅगने उघड अहवालात लिहिलं की १५२ पैकी ६१ प्रकारचा दारूगोळा दहा दिवसही पुरणार नाही. त्याने देश बुडाला नाही. बुडतो तो झाकून ठेवल्याने.

१९६२ आठवा. चीनशी युद्ध चालू असताना ८ नोव्हेंबरला संसद बसली आणि नेहरूंना तोंडावर टीका ऐकावी लागली. पुढे संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतरावांना आपल्या नाशिकनेच बिनविरोध लोकसभेत पाठवलं. त्यांनी २ सप्टेंबर १९६३ ला पराभवाच्या चौकशीतले निष्कर्ष सभागृहात सांगितले, प्रशिक्षण आणि साधनं कमी पडली हे कबूल केलं. पूर्ण अहवाल मात्र तेव्हापासून आजतागायत बंद कपाटात. सरकारं बदलली, कुलूप तेच.

आपण चांदवड-देवळावाले दिंडोरी लोकसभेत मतं टाकतो. खासदार कुठल्याही पक्षाचा असो, गावात आला की कांदा निर्यातीबरोबर एवढंच विचारा: साहेब, संरक्षणाच्या बजेटवर या वर्षी सभागृहात किती तास चर्चा झाली? समितीच्या किती शिफारशी सरकारने मानल्या?

हे विचारणारा देशद्रोही नसतो. पहाटे पळणाऱ्या त्या पोरांपैकी एखाद्याचा बाप असतो.