गावची बातमी लिहा, पण मोजून लिहा

शेतकरी बंधूंनो, गावात काही बिघडले की "पेपरात छापून आणा" असे आपण पटकन म्हणतो. पण लिहायचे कोणी आणि कसे, इथे गाडी अडते. म्हणून आज बी-बियाणे, खते बाजूला ठेवून बातमी लिहिण्याविषयी चार शब्द सांगतो.

मी नोकरीत नवा होतो तेव्हाची गोष्ट. पनवेल तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात उधाणाने बांधाला खांड पडली आणि खारे पाणी भातात शिरले. गावातल्या एका तरुणाने तळमळीने बातमी धाडली, "शेकडो एकर शेती उद्ध्वस्त, शासन झोपले." छापूनही आली. पंचनाम्याला गेलो, तर क्षेत्र भरले ११ एकर. त्या ११ एकरांतले भात खरोखर गेले होते. पण "हे गाव वाढवून सांगते" असा शिक्का बसला आणि बांधाच्या दुरुस्तीचा अर्ज मागे पडला. ज्यांचे भात गेले त्यांचा यात काय गुन्हा?

तीच बातमी अशी लिहिता आली असती: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या बाजूला, किती फुटांची खांड पडली, किती शेतकऱ्यांचे किती क्षेत्र पाण्याखाली गेले, दुरुस्तीचा अर्ज कधी दिला होता. "शासन झोपले" हे मग लिहावेच लागत नाही. अर्जाची तारीख ते सांगते.

डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले वेगळे ठेवा. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही विचारा आणि त्याचे म्हणणे दोन ओळींत द्या. वाक्ये आखूड ठेवा. लिहून झाले की शेजारच्या काकांना मोठ्याने वाचून दाखवा. ते जिथे "म्हंजे काय रं?" विचारतील, ती ओळ बदला.

हे आपले काम नव्हे, असे म्हणू नका. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' हे पत्र वर्षानुवर्षे चालवले. आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला. २५ गावांचा तो संप १९३९ पर्यंत चालला. तो चालू असतानाच, १९३७ साली, नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' काढले. पोटाला चिमटा असताना त्या माणसांना स्वतःचे पत्र हवे वाटले. आपली बाजू आपण मांडली नाही तर दुसरा त्याच्या सोयीने मांडतो, हे त्यांनी ओळखले होते.

आता दोन शब्द तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींना. गावचा पोरगा माहिती विचारायला आला तर "उद्या ये" म्हणू नका. तुम्ही आकडा दिला नाही, तर तो अंदाजाने लिहील, आणि चुकीचे छापून आल्यावर खुलासा तुम्हालाच द्यावा लागेल. मीही त्याच खुर्चीवर बसतो, म्हणून सांगतो.

येत्या कापणीला अवेळी पाऊस झालाच, तर आधी वही काढा. तारीख, वेळ, गट नंबर, क्षेत्र टिपा. पेपरला लिहाल तेव्हा खाली स्वतःचे नाव घाला आणि एक प्रत घरी ठेवा. पंचनाम्याला आम्ही आलो की तीच वही आमच्यापुढे ठेवा.