दार कुठल्या घराचं?

मागच्या वीकेंडला इंदापूरला मामाकडे गेले होते. म्हटलं, दोन दिवस फुल्ल आराम! पण रात्री दहाला माडीवर गेले, तर मामेभाऊ लॅपटॉपपुढे घामाघूम. पठ्ठ्या बारामतीत इंजिनीअरिंग करून आता पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. "ताई, आज पहिल्यांदाच क्लस्टरचा अॅक्सेस मिळालाय!"

मी पडले मास कॉमवाली. मग त्यानं फंडा क्लिअर केला. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरलं की झाला कंटेनर. असे डबे चालवणाऱ्या कॉम्प्युटर्सचा ताफा म्हणजे क्लस्टर. आणि कुठला डबा कुठं चालेल, बंद पडला तर काय, हे बघणारा कुबरनेटिस. गूगलनं २०१४ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर. ग्रीक भाषेत नावाचा अर्थ सुकाणू धरणारा!

आणि क्लाउड म्हणजे काही आभाळात नाही बरं का. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं 'सेंट्रल इंडिया' केंद्र चक्क पुण्यात आहे. बारामतीचा ऊसही क्लाउडशी जोडला गेलाय. तिथल्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या एआय प्रयोगाचं कौतुक २०२५ च्या जानेवारीत खुद्द सत्या नाडेलांनी केलं होतं.

असो. भावाची रेसिपी सोपी होती. आधी दोन टूल्स टाकायची: क्लाउडचं 'एझेड' आणि कुबरनेटिसचं 'क्यूबसीटीएल'. मग 'एझेड लॉगिन'. ब्राउझर उघडतो, पासवर्ड द्यायचा. पुढं 'एझेड एकेएस गेट-क्रेडेन्शियल्स', सोबत रिसोर्स ग्रुपचं आणि क्लस्टरचं नाव. झालं! 'कॉन्फिग' नावाच्या फाइलमध्ये पत्ता आणि ओळख जाऊन बसते. शेवटी 'क्यूबसीटीएल गेट नोड्स'. तीन ओळी आल्या, तिन्हींपुढे 'रेडी'. भाऊ खूश!

आता टेस्टिंगचं एक जुनं अॅप उडवायचं होतं. डिलीटची कमांड टाइप झाली, बोट एंटरवर. मी आपलं सहज विचारलं, "अरे, पण दार कुठल्या घराचं उघडलंयस?"

तो थबकला. 'क्यूबसीटीएल कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट' टाकलं. उत्तर आलं: प्रॉडक्शन!

झालं असं, की त्यानं आधी टेस्टचं क्लस्टर जोडलं, मग प्रॉडक्शनचं. शेवटी जोडाल तेच आपोआप चालू राहतं. आणि दोन्हीकडे अॅपचं नाव एकच: दूध संकलनाच्या नोंदींचं. एंटर दाबलं असतं तर पहाटे पाचला डेअरीवर किटल्यांची रांग आणि अॅप गायब! मामाही तिथंच दूध घालतो...

भावानं 'यूज-कॉन्टेक्स्ट'नं टेस्टवर उडी मारली, पुन्हा खात्री केली, मगच डिलीट. जोडायला दहा मिनिटं लागतात. आपण कुठं उभे आहोत ते बघायला दोन सेकंद. ती दोन सेकंदं वाचवू नका.

आणि हो, ती कॉन्फिग फाइल म्हणजे घराची किल्ली. सहकाऱ्याला व्हॉट्सअॅपवर बिलकूल पाठवायची नाही! त्यात सर्टिफिकेट असेल, तर पासवर्डसारखं चुटकीसरशी बदलता येत नाही. त्याला त्याचा स्वतःचा अॅक्सेस घेऊ दे.

सकाळी मामानं दूध घातलं, पावती घेऊन आला. भाऊ ती पावती बघून असा हसला, की मामी म्हणाली, "ह्याला काय झालं?" आम्ही दोघंही गप्प!