स्वयंपाकघरातील शंका : बाल्सामिक व्हिनेगर म्हणजे काय?

सावनेरच्या एका भगिनी लिहितात, "मुलाने पुण्याहून बाल्सामिक व्हिनेगरची बाटली आणली. काळे, आंबटगोड आहे. सासूबाई म्हणतात, हे दारूपासूनचे, घरात नको. खरे काय?"

मैत्रिणींनो, शंका रास्त आहे. व्हिनेगर म्हणजे सिरका. दुधाचे जसे दही होते, तसा आंबलेल्या रसाचा सिरका होतो. रसातल्या साखरेची आधी दारू बनते, मग जिवाणू त्या दारूचे आम्ल करतात. शेवटी दारूचा जेमतेम अंश उरतो. थेंबभर सिरक्याने नशा मुळीच येत नाही.

'बाल्सामिको' हा इटालियन शब्द. अर्थ बामसारखे, आराम देणारे. पूर्वी तिकडे ते औषध म्हणून घेत, म्हणून हे नाव. आज मात्र ते चवीपुरतेच, बरं का!

इटलीतील मोदेना आणि रेज्जो एमिलिया हे त्याचे माहेर. द्राक्षांचा रस मंद आचेवर आटवायचा, आंबवायचा आणि ओक, चेरी, तुती अशा लाकडांच्या पिंपांत निदान 12 वर्षे मुरवायचा. जुनी प्रत तर 25 वर्षांची! मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपे मांडून लग्नात द्यायची, अशी तिकडे रीत होती.

दुकानात सहसा मिळते ते हे नव्हे. त्यात आटवलेल्या रसात वाइनचा सिरका मिसळतात. 'मोदेनाचे' म्हणवायला 60 दिवस मुरवले तरी पुरते. तेव्हा भारी किंमत देण्यापूर्वी लेबल वाचा. घटकांत द्राक्षरस पहिला असेल, तर ते घट्ट नि गोडसर. वाइन व्हिनेगर पहिले असेल, तर पातळ नि आंबट.

वापरताना लक्षात ठेवा :
• फार उकळू नका, सुवास जातो. पदार्थ तयार झाल्यावर वरून चार थेंब घाला.
• टोमॅटो-काकडीची कोशिंबीर किंवा आपल्याकडच्या संत्र्यांच्या फोडी, चिमूटभर मिरपूड आणि हे थेंब, करून पाहाच.
• पितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका. बाटलीचे बूच घट्ट लावून अंधाऱ्या, थंड फडताळात ठेवा.

सासूबाईंना ही दह्याची उपमा सांगून पाहा. तरीही मन घेत नसेल, तर आग्रह नको. त्यांच्या ताटासाठी चिंचेचा कोळ आणि गूळ घट्ट आटवा, किंचित मीठ घाला. ते बाल्सामिक नव्हे. पण कोशिंबिरीला आंबटगोड चव येते आणि पंगतीत कुणी वेगळे पडत नाही.