पिकअपचा फंडा

नळ स्टॉपचा सिग्नल सुटतो तेव्हा पब्लिकचे सरळ दोन गट पडतात. बाइकवाले क्लच सोडून सुसाट निघतात आणि गिअरलेसवाले मूठ पिळून गाडीला हो म्हणायचा मूड येईपर्यंत थांबतात. मागचा पीएमपीवाला तेवढ्यात दोनदा हॉर्न मारून मोकळा! या थांबण्यावर आपल्या पोरांकडे एक घरगुती उपाय असतो. रोलर बदलणे.

आधी एक गैरसमज क्लिअर करू. गिअरलेस म्हणजे गिअर नसलेली गाडी नव्हे. गिअर असतात, फक्त ते तुम्हाला विचारत नाहीत. डावीकडच्या लांबट कव्हरखाली दोन पुल्या असतात आणि त्यांच्यात एक रबरी बेल्ट. पुढच्या पुलीला म्हणतात व्हेरिएटर. तिच्या पोटात छोटे रोलर असतात, बहुतेक स्कूटरमध्ये सहा. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात, पुलीची चकती ढकलतात, बेल्ट वर चढतो आणि गाडी आपोआप ‘वरच्या गिअर’मध्ये जाते. रोलर हलके टाकले तर ते बाहेर जायला जास्त स्पीड मागतात. म्हणजे गाडी ‘खालच्या गिअर’मध्ये जास्त वेळ राहते, इंजिन चढ्या आवाजात ओढतं आणि सिग्नलला तुम्ही पुढे. फंडा एवढाच.

अमेरिकेतले हौशी लोक हेच काम कारमध्ये करतात. तिथल्या जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर बदलतो तेलाच्या दाबावर. प्रवाशांना झटका बसू नये म्हणून कंपनी तो बदल मुद्दाम मऊ ठेवते. मग ही मंडळी ‘शिफ्ट किट’ आणून स्प्रिंगा बदलतात, तेलाच्या वाटेवरच्या प्लेटची भोकं मोठी करतात आणि गिअर खाडकन पडायला लागतो.

आपल्याकडे कारमधलं स्वस्त ऑटोमॅटिक आलं ते 2014 च्या सेलेरिओपासून. पण त्यात साध्याच गिअरबॉक्सचा क्लच कॉम्प्युटर दाबतो, तिथे स्प्रिंगा बदलायला घरी वाव नाही. आपलं खरं ऑटोमॅटिक म्हणजे स्कूटर. आणि त्यात पुण्याचा मान मोठा. 1972 मध्ये लूना आणणाऱ्या फिरोदियांच्या कायनेटिकनेच 1984 मध्ये कायनेटिक होंडा आणली. 98 सीसी, टू-स्ट्रोक, बटन स्टार्ट आणि पोटात व्हेरिएटर. हाताने गिअर पाडायच्या स्कूटरच्या जमान्यात हे जाम हटके होतं.

माझा एक मित्र वारज्याहून हिंजवडीला स्कूटरने जातो. ‘गाडी मेली आहे यार’ हे त्याचं रोजचं रडगाणं. एका रविवारी नाना पेठेतून हलके रोलर आणून त्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर उघडलं. मी चहा घेऊन बघायला उभी. आत बेल्टची काळी भुकटी आणि गोल असायला हवेत ते रोलर एका बाजूने कातरलेल्या सुपारीसारखे चपटे! शेजारच्या गॅरेजवाल्या काकांनी बघितलं आणि म्हणाले, ‘अहो, आधी कंपनीच्याच वजनाचे नवे टाका. बेल्टही बदला. मग काय ते हलकं-जड करा.’

त्याने ऐकलं आणि अर्धं रडगाणं तिथेच बंद झालं. पिकअप कमी नव्हता, झिजला होता.

पण हौसेला मोल नसतं. पुढच्या रविवारी हलके रोलर आत गेलेच. आठवडाभर स्वारी खूश, चौकात सगळ्यांच्या पुढे. मग हायवे बोलू लागला. आधी पन्नासला शांत चालणारी गाडी त्याच स्पीडला केकाटायला लागली आणि पेट्रोल पंप लवकर यायला लागला. रविवारी आई मागे बसली. वारज्यापासून कोथरूडपर्यंत तिचं एकच वाक्य : ‘अरे, जरा हळू सोड, मागे मी आहे.’

मला वाटतं, सगळा मुद्दा या वाक्यात आहे. कंपनीने रोलरचं वजन ठरवलं ते फक्त तुमच्यासाठी नाही. त्यात मागे बसलेली आई आहे, पायाशी भाजीची पिशवी आहे, कात्रजचा चढ आहे आणि जाहिरातीत छापायचा, वेताळ टेकडीवरच्या एआरएआयने सर्टिफाय केलेला अॅव्हरेजही आहे. तुम्ही वजन बदलता तेव्हा पिकअप निर्माण करत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून उचलता.

तरीही करायचंच असेल, तर नीट करा. सहाही रोलर एकाच वजनाचे घ्या. पुलीच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून नट सोडवू नका, पाती तुटतात. बेल्टला ग्रीस लागू देऊ नका. नट ‘अंदाजे’ नको, टॉर्क रेंचनेच आवळा. गाडी वॉरंटीत असेल तर तो विचारच सोडा. आणि पिकअप वाढला म्हणून ब्रेक वाढत नाही, हे विसरू नका.

मित्राने शेवटी कंपनीचेच रोलर परत टाकले. हलके डबीत ठेवलेत, पुढेमागे ऑफिस जवळ आलं तर म्हणून.

खरं तर ही डबीही लवकरच इतिहासजमा होणार. 2020 मध्ये इलेक्ट्रिक चेतक पहिल्यांदा आली ती पुण्यात आणि बंगळुरूत. 2025 मध्ये कायनेटिकची डीएक्ससुद्धा इलेक्ट्रिक होऊन परतली. यांच्यात ना रोलर, ना व्हेरिएटर. चेतकमध्ये इको आणि स्पोर्ट असे मोडच देऊन टाकले. हात काळे न करता पिकअप! पण स्पोर्टवर टाकलं की चार्ज भराभर उतरतो. म्हणजे सौदा तोच, फक्त भुकटी गेली.

तेव्हा मंडळी, या रविवारी कव्हर उघडाच. पण हलके रोलर विकत घ्यायच्या आधी जुने किती झिजलेत ते बघा.